उलट्या खुर्चीवरचं आभाळ

धरणगावात फोटोवाला एकच, उखर्डू चुडामण पाटील. आणि त्याच्यासमोर त्या गावातलं जिवंत माणूस कधी बसलं नाही. बसायला तयार होत ते मेल्यावर. तेव्हा त्यांना विचारतंय कोण!

हसू नका, खरंच सांगतो. 'फोटू काढा का आयुष्य कमी व्हस,' असं गावाने एकदा ठरवून टाकलं होतं. कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती. म्हातारा ओट्यावर खोकत पडला असेल तर त्याला तांब्याभर पाणी द्यायला घरात कोणाला फुरसत नसे. पण त्याचा श्वास थांबला रे थांबला, की सगळ्यांना असा उमाळा यायचा की बस्स! 'आबाना फोटू पाहिजे! पळा, उखर्डूले बलावा!' मग उखर्डू यायचा. खांद्यावर कॅमेरा आणि मागे कोणाच्या तरी डोक्यावर खुर्ची. खुर्ची त्याचीच, कारण शेतकऱ्याच्या घरात बाज असते, पाट असतो, खुर्ची कुठून असणार? म्हाताऱ्याला आंघोळ घालायची, नवा फेटा बांधायचा, त्या खुर्चीत टेकवून बसवायचं, मागून चादरीआड लपून एकाने मान धरायची. आणि उखर्डूने काळ्या फडक्यात डोकं खुपसून म्हणायचं, "हालू नका." सवयीने म्हणायचा बिचारा. त्यावर कोणी हसतही नसे, एवढंच काय ते गावाचं भान.

त्याच्या नावाचीही कथा अशीच. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला रीतीप्रमाणे उकिरड्यावर ठेवला, आणि शेजारच्या सुंदरबाईने उचलून परत आईच्या ओटीत घातला. टाकून दिलेल्या पोराकडे यम ढुंकून बघत नाही, असा हिशोब. नाव पडलं उखर्डू. यमाला चुकवायला नाव ठेवलं आणि धंदा असा मिळाला की यमाच्या मागोमाग घरोघर फिरायचं. सकाळी तो रस्त्याने निघाला की बाया पदर सावरत दार लोटून घेत. नथ्थू शिंपी तर तोंडावर म्हणायचा, "उखर्डूभाऊ, मनी तब्बेत बरी शे बरं का, तू जाय पुढे."

आता उखर्डूही काही साधा नव्हता. धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका फोटोवाल्याकडे हाताखाली राहून तो काम शिकून आला आणि येताना डोक्यात हवा आणि तोंडात पुस्तकी भाषा भरून आला. दुकानावर पाटी काय, तर इंग्रजीत 'यू. सी. पाटील, आर्टिस्ट अँड फोटोग्राफर'. ती वाचता येणारं गावात कोण होतं? डोक्यावर साहेबी टोपी, गळ्यात रुमाल. मढ्याच्या घरी जातानासुद्धा रुमाल! दुकानात मागच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवलेला पडदा होता. त्यावर तलाव, तलावात हंस, आणि हंसापेक्षा लहान डोंगर. त्या तलावाच्या काठी एकदा तरी नवरा-नवरी उभी राहावीत, यासाठी त्याचा जीव तुटत होता. पण लग्न ठरलं की गाव धुळ्याचा फोटोवाला आणायचं. म्हणजे बघा हं, धुळ्याचा कॅमेरा आयुष्य खात नाही, धरणगावचा खातो! अशी अक्कल असलेल्या माणसांपुढे बोलणार तरी काय?

त्या साली, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्नमध्ये, रुपचंदआबांच्या लताचं लग्न ठरलं. रुपचंदआबा म्हणजे मधल्या गल्लीतलं बडं प्रस्थ. कापसाचा व्यापार, ओट्यावर गादी-तक्क्या, गावात येणारं वर्तमानपत्र पहिलं त्यांच्या हातात. उखर्डूला उकिरड्यावरून उचलणारी सुंदरबाई ही त्यांचीच आई. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, वैशाखात. उखर्डू रोज कसल्यातरी निमित्ताने ओट्यापुढून जायचा, रुमाल नीट करायचा, आणि कोणी काही न बोलल्यामुळे पुढे जायचा.

होळी नुकतीच झाली होती. आबांनी ओट्यावर वर्तमानपत्र उघडून वाचलं, की रशियाने सोडलेला दुसरा कृत्रिम चंद्र अजून आभाळात फिरतोय, त्याच्यात एक कुत्री बसवली होती, ती कधीच मेली, आणि आता तो चंद्र पहाटेच्या आधी आपल्याकडूनही दिसेल. झालं! ओट्यावर ज्ञानाचा पूर आला. एक म्हणाला हे सगळं खोटं, एक म्हणाला कुत्री आपल्या गावावर पडली तर पंचनामा कोण करेल. तेवढ्यात उखर्डू समोरून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, "आबा, त्याचा फोटो मी काढतो."

सगळा ओटा खिदळला. नथ्थूने मांडीवर थाप मारली. "आते मरेल कुत्रीना फोटू काढाले निंघना हाऊ! का रे, खुर्चीवर बसाडशी का तिले?"

रुपचंदआबांना अशा वेळी उदार व्हायला फार आवडायचं. दहा माणसं बघत असली की त्यांचा शब्द स्वस्त होई. ते म्हणाले, "हसू नका रे. उखर्डू, तू त्या चंद्रले फोटूमा धरी दाखाड. लताना लगीनना बठ्ठा फोटू तूच काढशी. मना शब्द शे."

उखर्डूला तो शब्द खरा वाटला. हीच त्याची चूक, बाकी सगळ्या चुका त्याच्या मागून आल्या.

अडचण अशी, की चंद्र पहाटेच्या आधी येणार एवढंच माहीत. कोणत्या बाजूने येणार, कुठून जाणार, काही पत्ता नाही. कॅमेरा पूर्वेकडे लावावा आणि कुत्री पश्चिमेकडून निघून जावी, मग काय करता? सगळं आभाळ एकदम बघणारा डोळा पाहिजे. तो उपाय त्याला स्वतःच्या चुलीपाशी सापडला. त्याची बायको मंजुळाबाई भांडी घासायला पक्की. तिने घासून पालथ्या ठेवलेल्या तांब्याच्या पोटात त्याला सगळं स्वयंपाकघर दिसलं. आढं, दार, खिडकी, चूल, चुलीपुढे मंजुळाबाई आणि कडेला वाकडा झालेला तो स्वतः. तो तसाच उठून धुळ्याला गेला आणि आग्रा रोडवरच्या गॅरेजातून एका उलटलेल्या मोटारीच्या चाकावरची निकेलची टोपी घेऊन आला. फुगीर, गोल, पोचा नाही. मलमलीने घासून घासून तिचा आरसा केला. ही टोपी जमिनीवर आभाळाकडे तोंड करून ठेवायची, आणि कॅमेरा तिच्यावर उलटा, खाली तोंड करून टांगायचा. टोपीत सगळं आभाळ उतरणार, आणि कॅमेरा टोपीचा फोटो काढणार. आहे की नाही डोकं? पण कॅमेरा टांगायचा कशाला?

टांगायचा खुर्चीला. खुर्ची उलटी केली की चार पाय वर, मध्ये टोपी, पायांना दोऱ्यांनी बांधलेला कॅमेरा. फक्त खुर्चीची पाठ आड येत होती, खुर्ची जमिनीवर सपाट बसत नव्हती. उखर्डूने करवत घेतली आणि पाठ कापून टाकली.

मंजुळाबाई अंगणात आली आणि बघतच राहिली. "अरे देवा! पाठ कापी टाकी? आते मढाले कथा टेकाडशी?"

"आता मढं नाही," उखर्डू रुमाल झटकत म्हणाला. "आता नवरदेव."

"आनि आबानी बलावं नही तं?"

"शब्द दिलाय आबांनी. दहा माणसांसमोर."

मंजुळाबाईने कापलेली पाठ उचलली आणि सरपणाच्या ढिगाशी नेऊन उभी केली. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून त्या घराची चूल आबांच्या शब्दावर पेटायची होती.

खान्देशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. होळी झाली की घरात झोपवत नाही. सगळं गाव धाब्यावर. मातीची सपाट छपरं, एकाला एक लागून, आणि त्यांवर अख्खी गल्ली पसरलेली. पहाटेची हवा गार होते, डासही सोडत नाहीत, म्हणून प्रत्येकजण पांढरं धोतर नाहीतर लुगडं डोक्यापासून पायापर्यंत ओढून पडतो. उखर्डूने आपल्या धाब्याच्या मध्ये ती उलटी खुर्ची मांडली. रोज अंधार असताना उठायचा, भिंगावरचं झाकण काढायचा, उजाडायला लागलं की लावायचा. आणि रोज कॅमेऱ्यातली फोटोची काच धुतली की तेच: ताऱ्यांच्या बारीक गोल गोल रेघा, चंद्राचा पत्ता नाही. गल्लीने चहाबरोबर त्याला तोंडी लावायला घेतलं होतं. 'कुत्री वुनी का?' हे गावात रामरामच्या जागी चालू झालं.

झोप न येणारं एकच माणूस त्या छपरांवर होतं, सुंदरबाई. ती मधल्या बोळापलीकडच्या धाब्यावर बसलेली असायची.

"उखर्डू, निंघनी का रे तुनी कुत्री?"

"झोप ना माय."

"मी झोपसू तं एकदाच झोपसू. तू तुनं काम कर."

त्याला गावात न घाबरणारी हीच एक. उकिरड्यावरून उचललेल्या पोराला काय घाबरायचं? एके पहाटे उखर्डू झाकण काढून बाजूला उभा होता, डोळे चुरचुरत होते, आणि तिनेच आधी बघितलं. कपाळावर हात धरून ती ओरडली, "ती दख! ती दख, चालनी!" आणि खरोखर, एक ठळक तारा, न लुकलुकता, घाई नसलेल्या माणसासारखा आभाळ ओलांडून चालला होता. तो तिच्या धाब्याच्या बाजूला खाली उतरत गेला. उखर्डू तिकडेच बघत राहिला. म्हातारीही कपाळावरचा हात न काढता तशीच बसून राहिली. पूर्व पांढुरली, छपरं दिसायला लागली, तरी झाकण लावायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. म्हातारीनेच हटकलं तेव्हा त्याने ते लावलं.

काच धुऊन उन्हात धरली तेव्हा त्याला रडू आलं, सांगायला लाज कसली. सगळं आभाळ एका गोलात. ताऱ्यांच्या रेघा, आणि त्यांना सरळ कापत गेलेली एक लांब रेघ, काचेवर काळी, कागदावर पांढरी उमटणारी. धुळ्याच्या उस्तादाकडे जाऊन त्याने तिचा मोठा कागद करून आणला आणि दुकानाच्या काचेत लावला. खाली शाईने लिहिलं, 'रशियाचा चंद्र, यू. सी. पाटील यांनी धरला'. टोपी घातली आणि दारात उभा राहिला. आता आबा येणार, पाठ थोपटणार, लग्नाचं आमंत्रण देणार.

आधी नथ्थू आला. त्याने नाक काचेला लावलं. आभाळ बघितलं? छे! रेघ बघितली? छे! माणसाला सगळ्या जगाचं चित्र दाखवा, तो त्यात आपलं तोंड शोधणार. त्या फुगीर टोपीत आभाळ तर उतरलंच होतं, पण कडेला सगळीकडून गल्लीची छपरंही उतरली होती. उजाडेपर्यंत झाकण उघडं राहिल्याने ती चांगली उमटली होती. आणि त्या छपरांवर, गोलाच्या सगळ्या कडेने, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं ओढलेली, न हाललेली माणसं. ओळीने. मध्ये उखर्डूच्या खुर्चीचे चार काळे पाय.

"हाऊ तं मी शे!" नथ्थू किंचाळला. "मनं मढं करी टाकं!"

मग काय विचारता! गल्ली लोटली. प्रत्येकाने आपलं छप्पर ओळखलं, छपरावरचा आपला पांढरा गठ्ठा ओळखला. 'बठ्ठी गल्ली मारी टाकी यानी!' बाया बोटं मोडायला लागल्या, एकीने मूठभर मिरच्या आणून स्वतःच्या पोरांवरून ओवाळल्या. कोणी म्हणालं, यानेच मुद्दाम केलं, धंदा वाढावा म्हणून. शहाणे लोक! रात्री स्वतः मढ्यासारखं पांघरूण घेऊन झोपायचं आणि सकाळी दोष कॅमेऱ्याला.

रुपचंदआबा आले. गर्दीने वाट दिली. त्यांनीही काचेतून आधी स्वतःलाच शोधलं, आणि सापडले. पोट वर आलेलं होतं, ओळखायला सोपं गेलं. उखर्डू पुढे झाला, बोटाने दाखवायला लागला. "आबा, ही रेघ बघा. ही रेघच चंद्र आहे. तुम्ही शब्द दिला होता..."

आबांनी आत हात घालून कागद ओढला आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडला. "तुले चंद्र सांगेल व्हता, मसनवटा नही. मनी पोरना लगीनमा तुनी सावली नको."

दहा माणसांसमोर दिलेला शब्द पन्नास माणसांसमोर मोडला, आणि पन्नासांनीही मान डोलावली. त्या फाटक्या तुकड्यांत एक गोष्ट कोणीच बघितली नव्हती. त्या सगळ्या छपरांवर एक माणूस बसलेलं होतं, कपाळावर हात, तोंड वर. पांघरूण नाही. सुंदरबाई. पण तिला शोधायला ती स्वतः तिथे नव्हती, आणि दुसऱ्याला शोधायची त्या गल्लीला सवय नव्हती.

लताचं लग्न झालं. धुळ्याचा फोटोवाला आला, त्याने आबांना मध्ये उभं करून फोटो काढले. उखर्डूने दुकानाची पाटी उतरवली नाही, पण फळ्याही फारशा उघडल्या नाहीत. मंजुळाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. कोणाकडे मयत झाली तरी उखर्डू जात नसे. खुर्चीला पाठ नाही, एवढंच सांगायचा. लोकांनी मग जळगावहून माणूस आणायला सुरुवात केली आणि 'उखर्डू भलता माजला' असं म्हणायलाही.

श्रावण लागला, कानबाई देवीच्या सणाची, तिच्या रोटांची तयारी चालली होती, आणि सुंदरबाई एकदाची झोपली. सकाळीच रुपचंदआबा स्वतः उखर्डूच्या दारात. जळगावच्या माणसाला निरोप पोचेना, पाऊस लागलेला. आबांचे डोळे खरोखरच सुजले होते. "उखर्डू, माय गयी. चाल. खुर्ची ले. घरमा तिना एक फोटू नही."

"खुर्चीले पाठ नही, आबा," उखर्डू म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून धुळ्याहून आणलेली पुस्तकी भाषा निघाली नाही. "तुमना शब्दवर कापी टाकी."

आबा रागावले आणि निघून गेले. पण उखर्डूच्याने राहवलं नाही. ज्या बाईने उकिरड्यावरून उचललं, तिच्यासाठी आबाचं तोंड कशाला आड येऊ द्यायचं? कागद फाटला होता, पण ज्या काचेवरून तो छापला ती काच शाबूत होती. ती घेऊन तो भर पावसात धुळ्याला गेला आणि त्या गोलाच्या कडेचा एक नखाएवढा तुकडा मोठा करून आणला. दाणेदार, जरा धुरकट. पण सुंदरबाई होती. जिवंत. बसलेली, कपाळावर हात, आभाळाकडे बघत काहीतरी ओरडतेय अशी. आणि तिच्या डोक्यावरून तिरपी उतरलेली ती पांढरी रेघ. उखर्डूने ती कापून टाकली नाही. फ्रेम करून तो आबांच्या घरी देऊन आला. आबांनी फोटो बघितला, आणि त्यांची बोटं आईच्या तोंडावरून फिरली. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही, पण फोटो घेतला.

तेराव्याला उखर्डू गेला. पंगतीच्या टोकाला, दाराशी बसला. समोर भिंतीवर हार घातलेली सुंदरबाई. धुळ्याहून आलेले व्याही फोटोपुढे उभे राहून बघत होते. "व्वा! म्हातारी अगदी बोलेल असं वाटतं. काढला कोणी?"

रुपचंदआबांनी एकदा दाराकडे बघितलं. उखर्डू दिसला. नजर फिरवून ते व्याह्यांना म्हणाले, "आपल्या लग्नात धुळ्याचा फोटोवाला होता ना, त्यानेच."

"तरीच! आणि ही वर पांढरी रेघ कसली हो?"

"ती होय? काच तडकली आहे. बदलायची आहे."

व्याह्यांनी मान हलवली. नथ्थूनेही हलवली, बाजूच्यानेही हलवली, सगळ्या पंगतीने हलवली. उखर्डूने पानावरचा घास पानावर ठेवला, हात धुतला आणि घरी आला. त्याला वाटलं होतं संताप येईल. आला नाही. नुसती किळस आली, आबांची, पंगतीची, आणि त्या शब्दावर करवत उचलणाऱ्या स्वतःचीही.

त्याने माळ्यावरून उलटी खुर्ची काढली आणि सरळ केली. सरपणाच्या ढिगाशी गेला, तर कापलेली पाठ तिथे नव्हती. मंजुळाबाईने आतून आणून दिली. पावसात लाकूड नव्हतं तेव्हाही तिने ती चुलीत घातली नव्हती, चुलीमागे कोरडी ठेवली होती. "माले माहीत व्हतं, लागी तुले," ती म्हणाली. बरोबर मूठभर खिळेही दिले.

उखर्डू ठोकायला लागला. दात-ओठ खाऊन ठोकायला लागला. अंधार पडत आला होता, आवाज बोळातून घुमत होता.

"हळू ठोक ना," मंजुळाबाई म्हणाली. "गल्ली जागी व्हई."

"नही व्हनार," तो म्हणाला. "या गल्लीमा जागी एकच व्हती, ती गयी."

आणि त्याने पुढचा खिळा घेतला.